वॉर्साचे जुने शहर : एक पाठचिकित्सा

वॉर्साच्या जुन्या शहरातील बाजारचौकात उभे राहिले की चारही बाजूंची अरुंद, उंच, रंगीत घरे सतराव्या शतकातील वाटतात. हा चौक लोकांसाठी पुन्हा खुला झाला तो मात्र २२ जुलै १९५३ रोजी. १९४४चा उठाव ६३ दिवसांनी मोडला. लढाईतून जे वाचले होते, ते त्यानंतर जर्मन पथकांनी पद्धतशीरपणे जाळले, सुरुंग लावून उडवले. ऐतिहासिक भागातील ८५ टक्क्यांहून अधिक बांधकाम नष्ट झाले. आज दिसते ती पुनर्रचना आहे, आणि १९८०मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला तोही पुनर्रचना म्हणूनच.

‘मग हे खरे की खोटे?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो, पण तो फारसा उपयोगाचा नाही. जीर्ण ग्रंथाची संपादित आवृत्ती वाचताना आपण संपादकाने कोणता पाठ स्वीकारला आणि कोणता वगळला हे पाहतो. वॉर्साही तसेच वाचावे लागते.

आधी साधने पाहू. अठराव्या शतकातील दरबारी चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याच्या चित्रांवरून जुने शहर उभे राहिले, ही कथा लोकप्रिय असली तरी अर्धीच खरी आहे. ती चित्रे मुख्यतः राजवाड्यापासून निघणाऱ्या मोठ्या रस्त्याची आणि त्याच्या आसपासच्या प्रासादांची आहेत. उपयोग झाला तोही प्रामुख्याने तिथेच. शिवाय बेलोत्तो चित्रासाठी इमारतींचे तपशील बदलतही असे. बाजारचौकातील घरांना खरा आधार मिळाला तो वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी केलेल्या मोजणी-आराखड्यांचा. युद्धकाळात ते एका मठात लपवून ठेवल्याने वाचले.

साधने इतकी भक्कम असूनही निवड टळली नाही. सेंट जॉन कॅथीड्रलचा एकोणिसाव्या शतकातील दर्शनी भाग पुन्हा बांधला गेला नाही. यान झाख्वातोविच यांनी प्रादेशिक गॉथिक वळणाचा नवा दर्शनी भाग कल्पिला. घरांमागच्या दाट, कोंदट चाळवजा इमारती वगळून मोकळी अंगणे केली आणि दर्शनी भिंतींमागे आधुनिक सदनिका बसवल्या. एकोणिसावे शतक म्हणजे भांडवली नफेखोरीचे बकाल शतक, अशी त्या काळची धारणा होती. त्यामुळे ते शतक पुष्कळ ठिकाणी पुसले गेले. विटा कमी पडल्या तेव्हा व्रोत्सवाफ, श्चेचिन अशा, नुकत्याच पोलंडकडे आलेल्या पूर्वीच्या जर्मन शहरांतून त्या आणल्या. राजधानीच्या आवृत्तीसाठी दुसऱ्या शहरांची पाने फाडली गेली.

सर्वांत मोठी गाळलेली जागा इथून थोड्याच अंतरावर, मुरानुवमध्ये आहे. युद्धापूर्वी वॉर्साची सुमारे एक तृतीयांश वस्ती ज्यूंची होती आणि मुरानुव हे तिचे केंद्र. १९४३च्या घेट्टोतील उठावानंतर तो भाग जमीनदोस्त करण्यात आला. युद्धानंतर बोहदान लाखेर्त यांच्या आराखड्यानुसार त्या ढिगाऱ्यावरच नवी वसाहत उभी राहिली. ढिगाऱ्याचा चुरा तिच्या बांधकामाच्या ठोकळ्यांतही वापरला गेला. जुने रस्ते, जुनी घरे पुन्हा बांधावीत असे तिथे कोणी ठरवले नाही. एकाच शहराने एक विध्वंस भरून काढला आणि दुसऱ्यावर घरे बांधली.

यावरून पुनर्रचना चुकली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. राष्ट्राची ओळख पुसण्यासाठीच शत्रूने त्याच्या वास्तू पाडल्या, म्हणून त्या पुन्हा बांधणे हे कर्तव्यच, ही झाख्वातोविच यांची भूमिका त्या ढिगाऱ्यांसमोर नाकारणे कठीण आहे. आक्षेप निवडीला नाही, ती निवड दिसेनाशी होण्याला आहे. राजधानी पुनर्रचना कार्यालयाचे दप्तर २०११मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत समाविष्ट झाले. कोणती वास्तू का राखली, कोणती का सोडली, हे त्या कागदांतून शोधता येते. पण चौकातल्या पर्यटकासमोर ते नसतात. त्याने निदान मुरानुवपर्यंत चालत जावे. जुन्या शहराची वगळलेली पाने तिथे पायाखाली आहेत.