रक्तबिंदू आणि काजळी

शशक तारकासमूहातील एका ताऱ्यास हिंड या इंग्रज ज्योतिर्विदाने १८४५ साली रक्तबिंदूची उपमा दिली. कार्बनताऱ्यांविषयी लिहिणारांस तिचा मोह अद्याप सुटत नाही. उपमा सुंदर खरी, परंतु ती अर्धेच सांगते. ज्याच्या वातावरणात ऑक्सिजनहून कार्बन अधिक, असा वृद्ध तारा स्वतःभोवती काजळी धरून पुष्कळदा दृष्टीआड होतो. कंदिलाची काच काजळावी, तसेच हे. आमच्या मते हीच उपमा अधिक प्रामाणिक! सिंहेतील ‘सीडब्ल्यू’ हा तारा डोळ्यांस अतिशय मंद. मात्र ५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात सूर्यमालेबाहेर त्याच्याइतके तेजस्वी काही नाही. न्यूगेबाउअर व लेटन यांच्या १९६९ च्या सूचीत त्याची नोंद आहे. पुढे १९८३ साली ‘आयरास’ उपग्रहाने ११ मायक्रॉनच्या आसपास सिलिकॉन कार्बाइडची खूण टिपून असे कितीतरी काजळलेले तारे ओळखून दिले. नुसते रक्तबिंदू मोजणाऱ्याची गणती म्हणूनच लंगडी पडते. आकाशगंगेच्या अंतर्भागात हे तारे विरळ असून बाहेर जावे तसतसे ऑक्सिजनप्रधान राक्षसी ताऱ्यांच्या मानाने त्यांचे प्रमाण वाढते. कारण तेथे जड मूलद्रव्ये कमी, आणि ऑक्सिजनवर मात करावयास थोडाच कार्बन पुरतो.