मोल आणि उंबरठा : खानावळीच्या पाटीवरील भाषेचे परीक्षण

मराठीत ‘-णावळ’ अंती असलेल्या नामांचा एक लहानसा गट आहे. धुणावळ, शिवणावळ, दळणावळ, घडणावळ ही त्यांतील परिचित रूपे होत. या नामांत धातू क्रिया सांगतो व प्रत्यय त्या क्रियेचे मोल सांगतो. ‘खाणावळ’ अथवा ‘खानावळ’ हा शब्द रचनेने याच गटातला. परंतु दोन बाबतींत तो वेगळा पडतो. धुणावळ धुणाऱ्याला मिळते, शिवणावळ शिवणाऱ्याला मिळते; खाणावळ मात्र खाणाऱ्यालाच द्यावी लागते. शिवाय शिवणावळ म्हणजे शिंप्याचे दुकान असा अर्थ कधी झाला नाही. खानावळ हे मात्र जागेचे नाव झाले. जेवणाचे मोल हा रचनेतून निघणारा अर्थ आणि मोल देऊन जेवण्याचे ठिकाण हा त्याचा विस्तार, असे मानावयास प्रत्यवाय नाही.

याच प्रकारच्या संस्थेला दुसऱ्या समाजाने कोणते नाव दिले हे पाहिले म्हणजे या शब्दाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. आयर्लंडमधील लहान गावात पिण्याचे आणि पुष्कळदा जेवणाचेही ठिकाण म्हणजे ‘पब’. हे ‘पब्लिक हाउस’ या नावाचे लघुरूप. आयरिश भाषेतील त्याच्या नावातही ‘घर’ या अर्थाचाच शब्द आरंभी येतो, आणि दारावर बहुधा मालकाच्या कुटुंबाचे नाव असते. तेथे घर सर्वांना खुले झाले ही कल्पना नावात आहे. मराठी नावात घर नाही, केवळ व्यवहार आहे. हा व्यवहार रूक्ष वाटतो. परंतु त्या रूक्षतेतच या संस्थेचे सामाजिक मूल्य आहे, हे आजच्या पाट्यांची भाषा वाचताना विसरले जाते.

घोडेगाव हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे गाव आहे. तालुक्याचे नाव आंबेगाव. पण ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, आणि तालुक्याचे मुख्यालय घोड नदीकाठच्या घोडेगावात आहे. तहसील कचेरी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय यांमुळे पश्चिमेकडील डोंगराळ भागातून, विशेषतः महादेव कोळी वस्तीच्या गावांतून, लोकांना कामासाठी येथे यावे लागते. दुसरीकडे, मंचरहून भीमाशंकरास जाणारा मार्ग गावातूनच जातो. श्रावणात व महाशिवरात्रीस त्यावर यात्रेकरूंची वर्दळ असते. म्हणजे या वाटेवरील खानावळीला दोन प्रकारचे ग्राहक लाभतात. एक कामाकरिता आलेला, दुसरा वाटेने जाणारा. पाटी प्रामुख्याने दुसऱ्याला उद्देशून लिहिलेली असते. पहिल्याला तिची गरज नसते.

भीमाशंकरच्या काय किंवा अन्य कोणत्या यात्रामार्गावर काय, अशा पाट्यांवर ‘गावरान’, ‘घरगुती’, ‘शुद्ध’ आणि ‘फॅमिली’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. यांपैकी ‘गावरान’ हे विशेषण गाव स्वतःला कधी लावीत नाही. ते शहराच्या कानासाठी असते. ज्याला रोजची भाकरी ‘गावरान’ म्हणून मिळते तो गावचा नव्हे, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ या प्रयोगात शाकाहाराची माहिती ‘शाकाहारी’ या शब्दानेच पूर्ण होते. मग ‘शुद्ध’ कशासाठी? हा शब्द अन्नाविषयी बोलत असल्याचे दाखवून हातांविषयी बोलतो. जुन्नर–आंबेगाव भागाची मासवडी येथे उद्बोधक ठरावी. बेसनाच्या आवरणात तीळ व सुके खोबरे यांचे सारण भरलेल्या या पदार्थात नावापुरताच मासा आहे. तरीही तो शाकाहारी पंक्तीत निःशंकपणे वाढला जातो. लोकभाषेला अन्नाच्या नावाची शंका येत नाही. शंका पाटीला येते.

‘घरगुती’ हा शब्द सर्वांत गोड, आणि म्हणूनच सर्वांत तपासण्याजोगा. घराला उंबरठा असतो, आणि उंबरठ्याच्या आत कोणाला घ्यावे हे यजमान ठरवितो. आपल्याकडील पंगतीने दीर्घकाळ प्रथम जात विचारली. आणि खानावळींच्या पाट्यांवरही एके काळी जातीची नावे होती. म्हणूनच 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात विहिरी व दुकाने यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, आणि अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, 1955 अन्वये तेथील प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. नावात ‘सार्वजनिक’ असल्याने दार आपोआप उघडत नाही, याचा प्रत्यय आयर्लंडमध्येही येतो. तेथील भटक्या ‘ट्रॅव्हलर’ समाजास पबमध्ये प्रवेश नाकारण्याविरुद्ध समान दर्जाविषयक कायदा 2000 साली झाला. 2003 साली मात्र पबविषयीच्या अशा तक्रारी समता न्यायाधिकरणाकडून काढून जिल्हा न्यायालयाकडे देण्यात आल्या. ‘फॅमिली’ या शब्दाचे तेच. मराठी पाटीवर त्याचा अर्थ कुटुंब असा राहत नाही. सोबत स्त्री आहे, असा होतो. जुन्या आयरिश पबमधील ‘स्नग’ नावाची आडोशाची खोली हे त्याचेच भावंड म्हणावे लागेल. दार उघडे ठेवूनही आत भिंत घालता येते.

याचा अर्थ खानावळीत आपुलकी नसावी असा नव्हे. ‘आणखी वाढू का?’, ‘भाकरी गरम आहे, थांबा’ या बोलण्यात ‘विकणे’ हे क्रियापद येत नाही, ‘वाढणे’ हेच येते. आणि मराठीतले हे औदार्य मोलाचे आहे. पण हे औदार्य आत आलेल्यासाठी आहे. दाराशी उभा असलेल्याला आत येण्याचा हक्क ‘वाढणे’ देत नाही. तो ‘-णावळ’ देतो. कचेरीचे काम उरकण्यासाठी डोंगरातून उतरून आलेल्या माणसाला पाटीवरील कोणतेही विशेषण आमंत्रण देत नाही. त्याच्यासाठी खरा मजकूर एवढाच, की थाळीचा दर अमुक आहे. त्या दरात कोण, कुठला, कोणाचा हे प्रश्न नसतात. पाटीवरील साऱ्या मजकुरात दरपत्रकाची ओळ वाङ्मयदृष्ट्या सर्वांत नीरस आहे. परंतु शब्दाच्या मूळ अर्थाशी आणि संविधानाच्या आशयाशी प्रामाणिक राहिलेली ओळही तीच आहे.