मिरी, मेंढीचं चीज आणि पिठूळ पाणी

रोममधल्या साध्या खाणावळीत 'काचो ए पेपे' मागवला, तर समोर येणारी बशी दिसायला अगदी फिकी असते. स्पॅगेटीचं एक वेटोळं आणि त्यावर काळ्या मिरीची भरड, बास. टोमॅटो नाही, लसूण नाही, शोभेचं पानसुद्धा नाही. पण काट्याभोवती गुंडाळून पहिला घास घेतला की कळतं, प्रत्येक धाग्यावर दाट, मऊ लेप चढलेला आहे. आधी पेकोरिनो चीजचा खारटपणा लागतो, मागोमाग मेंढीच्या दुधाचा किंचित उग्र वास येतो आणि घास गिळल्यावर मिरीची ऊब घशाशी रेंगाळते. इटालियन स्वयंपाकातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा सॉस हाच. तो वेगळा शिजवून वर ओतलेला नसतो. पास्त्याच्या अंगच्या पिठातूनच तो तयार होतो.

म्हणून या सॉसची तयारी दुकानात, पाकीट हातात घेतल्यापासूनच सुरू होते. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. इटलीत तर १९६७पासून तसा कायदाच आहे. (शेवयांसाठी आपल्याकडे नावाजलेला बन्सी गहू हा ड्युरमच.) पण रवा एकच असला तरी पास्ता सारखा नसतो. पारदर्शक पाकीट उजेडात धरून पाहावं. पिवळाधमक, काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत पास्ता बहुधा टेफ्लॉनच्या साच्यातून काढून जास्त तापमानाला झटपट वाळवलेला असतो. पितळी छटेच्या, ब्राँझच्या साच्यातून निघालेला पास्ता फिकट दिसतो, खडूची पूड लागल्यासारखा. बोट फिरवलं तर खरखर जाणवते. पाकिटावर 'त्राफिलाता अल ब्रोंझो' असं लिहिलेलं असतं, ते याचंच. त्या खरखरीत अंगाला सॉस धरतो आणि शिजताना त्यातून पीठही पाण्यात जास्त उतरतं.

नेपल्सजवळचं ग्रान्यानो हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. लात्तारी डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालायच्या, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात, भर रस्त्यावर, काठ्यांवर टांगून पास्ता वाळायचा. आता वाळवण बंद खोल्यांत होतं, पण सावकाश होतं. इथल्या पास्त्याला २०१३ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. महाग आहे, पण या पदार्थात लपायला जागाच नसल्यामुळे खर्च इथेच करावा.

आता चूल. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी आणि जेमतेम दीड-दोन लिटर पाणी. पास्त्याला भरपूर पाणी घ्यावं असं सगळीकडे सांगतात, इथे मात्र हात आखडता ठेवायचा, कारण पाणी पिठूळ व्हायला हवं. मीठही कमीच, चीज मुळात खारट असतं. तोवर अख्खी मिरी कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत गरम करून खलबत्त्यात भरड कुटावी. तयार पूड चालणार नाही, तिचा तिखटपणा उरतो पण सुगंध उडून गेलेला असतो. मलबारची मिरी रोमला पूर्वापार जात आली आहे. सम्राट डोमिशियनने फोरमशेजारी मिरीची कोठारंच बांधली होती.

खरी कसोटी पुढे आहे. सुमारे १०० ग्रॅम पेकोरिनो रोमानो अगदी बारीक किसून त्यात थोडं कोमट झालेलं पास्त्याचं पाणी घालत घोटायचं, दाट पेस्ट होईपर्यंत. पाणी उकळतं असेल तर घात होतो. साधारण ६५ अंशांच्या पुढे चीजमधली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि चिवट गुठळ्या होतात. पाण्यातलं पीठ त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी २०२५ साली यावर रीतसर प्रयोग केले, तेव्हा चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर सॉस भरवशाने मिळून येतो असं दिसलं. म्हणून पहिल्यांदा करताना चिमूटभर कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून घातलं, तरी मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. लोणी आणि क्रीमला मात्र माझा ठाम विरोध आहे. ती गुठळ्या टाळतात खरी, पण मेंढीच्या दुधाची धार बोथट करतात.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढून, कुटलेली मिरी घातलेल्या पसरट कढईत घ्यावा, पळीभर पाण्यात हलवत पुरा शिजवावा. दाताखाली गाभा जाणवला पाहिजे. मग आच बंद करून, क्षणभर थांबून चीज घालायचं आणि जोरजोरात परतायचं.

याच चीज-मिरीला डुकराच्या गालाच्या खारवलेल्या मांसाची जोड दिली की 'ग्रीचा' होतो, त्यात टोमॅटो पडला की 'आमात्रिचाना', अंडं पडलं की 'कार्बोनारा'. शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मूळ पेकोरिनो रोमानोचं दूध कोकराच्या जठरातल्या रेनेटने फाडलेलं असतं. हिरवा ठिपका असलेलं मेंढीच्या दुधाचं कडक चीज मिळालं तर उत्तमच, नाहीतर वनस्पतिजन्य रेनेटचं जुनं, कोरडं चीज घ्यावं. उग्रपणा थोडा उणा पडेल, पण सॉस तितकाच मिळून येईल.