उताराकाठचे नायक : कॉमिक्स आणि मांगामधला अँटीहिरो

अँटीहिरो म्हणजे कथेच्या मध्यभागी उभा असलेला असा माणूस, ज्याचे पुढे काय होते यासाठी वाचकाचा जीव टांगणीला लागतो, पण ज्याने केलेले त्याच्या मनाला पटत नाही. कॉमिक्स आणि जपानी मांगामध्ये गेल्या पन्नास वर्षांत अशा पात्रांची रीघ लागली आहे. बंदूक, चेहऱ्यावरचा व्रण, करपलेले बालपण आणि तुटक बोलणे एवढ्या भांडवलावर त्यांतली बहुतेक उभी राहतात आणि लवकरच विसरलीही जातात. जी टिकतात त्यांचे बळ आणि त्यांचा दोष वेगळे काढता येत नाहीत, आणि त्या दोषाची किंमत त्यांच्या जवळच्या माणसालाच मोजावी लागते. ही कसोटी नवी नाही. आयर्लंडच्या मध्यभागी, शॅनन नदीवरच्या ॲथलोनच्या परिसरात ती नऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली सापडते.

जुना साचा

‘तॉइन बो कूलन्ये’ ही एका बैलापायी पेटलेल्या युद्धाची आयरिश महाकथा. तिचा मजकूर असलेले सर्वांत जुने हस्तलिखित, ‘बुक ऑफ द डन काउ’, ॲथलोनच्या दक्षिणेला शॅननकाठीच असलेल्या क्लॉनमॅकनॉइजच्या मठात इ.स. ११००च्या सुमारास तयार झाले. कथेच्या अखेरीस दोन बैल झुंजतात आणि हरलेल्या पांढऱ्या बैलाच्या देहाचे तुकडे ठिकठिकाणी पडतात. त्याच्या कमरेचा भाग शॅननच्या ज्या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडण्याच्या जागी, पडला तेच ॲथलोन, अशी दंतकथा आहे.

या कथेचा नायक कू खुलिन सतरा वर्षांचा आहे. अल्स्टरचे सगळे योद्धे शापाने अंथरुणाला खिळलेले असताना तो एकटा नद्यांच्या उतारांवर बैल पळवायला आलेले कॉनाक्टचे सैन्य अडवून धरतो. त्याचे सामर्थ्य म्हणजे त्याचा क्रोध. तो चढला की शरीर आतल्या आत पिळवटते, एक डोळा कवटीत ओढला जातो, दुसरा गालावर येतो, आणि समोरचा आपला की परका हे त्याला उमगेनासे होते. अल्स्टर वाचतो तो याच क्रोधाने, आणि भीती वाटावी तीही त्याचीच. बळ आणि दोष यांची अशी एकजीव बांधणी पुढे भल्याभल्या लेखकांना साधलेली नाही.

किंमत कशी मोजायला लावावी याचा धडा फेर्डियाच्या प्रसंगात आहे. फेर्डिया हा कू खुलिनचा गुरुबंधू. कॉनाक्टची राणी मेव्ह त्याला मुलीचे आमिष दाखवून आणि निंदेची भीती घालून मित्रासमोर उभे करते. बाराव्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’मधल्या पाठात हे द्वंद्व चार दिवस चालते. पहिल्या दोन संध्याकाळी दोघे एकमेकांना कवटाळतात. कू खुलिन जखमांवरची औषधी पलीकडे पाठवतो, फेर्डिया जेवणातला वाटा इकडे पाठवतो, दोघांचे घोडे एकाच आवारात बांधले जातात. तिसऱ्या संध्याकाळी यांतले काहीही होत नाही. चौथ्या दिवशी कू खुलिन पाण्याखालून सोडण्याच्या अस्त्राने मित्राला मारतो आणि त्याचे शव उचलून उताराच्या आपल्या बाजूला आणतो. हत्येपेक्षा जास्त बोलते ती तिसरी संध्याकाळ. चित्रकथेच्या लेखकासाठी हा आयता आराखडा आहे: तीच चौकट पुन्हा काढायची आणि दर वेळी तिच्यातले काही काढून घ्यायचे. नायक किती खाली उतरला हे मग संवादातून सांगावे लागत नाही.

दुसरा धडा नियमांचा. कू खुलिनवर दोन बंधने आहेत: कुत्र्याचे मांस खायचे नाही, आणि चुलीपाशी कोणी जेवायला बोलावले तर नाही म्हणायचे नाही. मृत्यूच्या वाटेवर त्याला कुत्र्याचेच मांस पुढे केले जाते. एक नियम पाळला की दुसरा मोडतो. अँटीहिरोला समाजाचा कायदा नसला तरी स्वतःचा असावा लागतो, आणि कथानकाने त्यातलीच दोन कलमे एकमेकांवर आपटावी लागतात.

‘बुक ऑफ लेन्स्टर’च्या लेखनिकाने कथा उतरवून झाल्यावर शेवटी लॅटिनमध्ये टीप जोडली की यातल्या कित्येक गोष्टींवर आपला विश्वास नाही, काही तर सैतानी आहेत. न पटणारी कथाही त्याने निष्ठेने पूर्ण केली. अँटीहिरोच्या वाचकाची अवस्था नेमकी हीच असते.

ब्रिटिश आणि आयरिश कॉमिक्स

१९६९ मध्ये थॉमस किन्सेला यांचा इंग्रजी अनुवाद लुई ल ब्रॉकी यांच्या काळ्या शाईच्या कुंचलाचित्रांसह आला. क्रोधाच्या रूपांतरासाठी किन्सेलांनी वापरलेला ‘वॉर्प-स्पॅझम’ हा शब्द १९८३ मध्ये ‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकात पॅट मिल्स आणि अँजेला किंकेड यांच्या ‘स्लेन’मधून कॉमिक्समध्ये पोचला. नायक स्लेनची गोष्ट सांगतो त्याचा सोबती उक्को, एक चोरटा, लोभी बुटका. मिल्स यांची ही निवड अचूक आहे. नायकाने स्वतःच्या तोंडाने स्वतःला माफ केले की वाचक दुरावतो. शेजारी उभ्या असलेल्या, फारशा विश्वासू नसलेल्या साक्षीदाराने सांगितले की न्याय करण्याचे काम वाचकाकडे येते. सायमन बिझलीच्या रंगचित्रांतला ‘द हॉर्न्ड गॉड’ (१९८९-९०) दिसायला भव्य आहे, पण तिथे क्रोध हा पाहण्याचा सोहळा होतो आणि त्यामागची भीती ओसरते.

या परंपरेतला सर्वांत सखोल लेखक म्हणजे १९७० मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेले गार्थ एनिस. स्टीव्ह डिलन यांच्यासोबतच्या ‘प्रीचर’मध्ये (१९९५-२०००) कॅसिडी हा आयरिश व्हॅम्पायर आहे, १९१६च्या ईस्टर उठावातून निसटलेला. पहिल्या अंकांत तो गप्पिष्ट, दिलदार, मित्रासाठी गोळ्या झेलणारा आहे. मग जुनी ओळख असलेली माणसे एकेक भेटत जातात आणि कळते की त्याच्या मागे व्यसनात बुडालेल्या, मार खाल्लेल्या बायकांची रांग आहे. एनिस आधी प्रेम जडवतात आणि कागदपत्रे मागाहून पुढे ठेवतात. हाच क्रम उलटा असता तर कॅसिडी साधा खलनायक ठरला असता. जॉन मॅक्रे यांच्यासोबतच्या ‘हिटमॅन’चा (१९९६-२००१) टॉमी मोनाहन फक्त वाईट माणसांनाच मारण्याचा नियम पाळतो, पण त्याच्यावर सूड घ्यायला येणाऱ्यांच्या हातून मरतात ते त्याचे मित्र.

मार्व्हलचा ‘पनिशर’ १९७४ मध्ये गेरी कॉनवे यांनी स्पायडरमॅनचा प्रतिस्पर्धी म्हणून आणला. २००४ पासूनच्या ‘मॅक्स’ मालिकेत एनिस यांनी त्याला सहानुभूती मिळवून देणारे एकेक साधन काढून घेतले. तरीही त्या पात्राचे कवटीचे चिन्ह अमेरिकेत सैनिक आणि पोलिसांनी अंगावर मिरवले, आणि कॉनवे यांना त्याला जाहीर विरोध करावा लागला. किंमत कितीही स्पष्ट लिहिली तरी चिन्ह कथेपासून तोडून नेता येते, हा या कलेपुढचा खरा धोका आहे.

मांगाची वाट

मांगाला लांबीचा फायदा आहे. एकच लेखक एकच पात्र वर्षानुवर्षे चालवतो, त्यामुळे बदल सावकाश दाखवता येतो. केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’मध्ये (१९८९ पासून) नायक गट्स असे चिलखत चढवतो की वेदना थांबतात आणि आपले-परके ओळखू येईनासे होते. एक लहान चेटकीण मनाच्या मार्गाने शिरून त्याला दर वेळी परत आणते. कू खुलिनच्या क्रोधाशी हे साम्य विलक्षण आहे. मिउरा यांची भर अशी की परत आणणारे माणूसही संकटात असते.

त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांच्या ‘डेथ नोट’ने (२००३-०६) नियमांचे तंत्र टोकाला नेले. नाव लिहिताच माणूस मरतो अशा वहीचे नियम पाना-पानांवर छापलेले, आणि ती वही वापरणाऱ्या लाइट यागामीचा प्रत्येक विचार वाचकासमोर उघडा. विचार ऐकता ऐकता वाचक त्याच्या बाजूने डाव आखू लागतो आणि आपण खुनात सामील झालो हे उशिरा ध्यानात येते. माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’ने (२००५-२५) उलट वाट धरली. सूडाने पेटलेल्या थॉर्फिनचा सूडच हिरावून घेतला, त्याला गुलाम म्हणून शेतात राबायला लावले. लढाई जवळजवळ नसलेले ते खंड मालिकेतले सर्वांत धाडसी लेखन आहे, कारण अँटीहिरोने सुधारायचे असेल तर कंटाळा, श्रम आणि मेलेल्यांची आठवण यांना पाने द्यावी लागतात.

मुंबईचा डोगा

मराठी वाचकाला हा प्रकार रंगभूमीवरून ओळखीचा आहे. विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर (१९७२) घरात आणलेल्या बाईला आपले नियम सुरुवातीलाच ठणकावून सांगतो. तो ढोंगी नाही, आणि त्याच नियमांनी बांधलेल्या घरात शेवटी त्याने आणलेल्या चंपाचा जीव जातो. कॉमिक्समध्ये मुंबईला मिळाला तो राज कॉमिक्सचा हिंदी बोलणारा डोगा, १९९०च्या दशकातला. उकिरड्यावर सापडलेले मूल एका डाकूने पोलिसांच्या गोळ्यांपुढे ढाल म्हणून वापरले. तेच मूल मोठे होऊन कुत्र्याचा मुखवटा चढवते आणि गुन्हेगारांना पकडून देण्याऐवजी संपवते. हा पाया भक्कम आहे, पण अनेक अंकांत समोरचा गुंड इतका राक्षसी असतो की डोगाच्या गोळीविषयी प्रश्नच उरत नाही. शत्रूला काळा रंग फासून नायक उजळवण्याची ही पळवाट जगभर वापरली जाते.

उणिवा

आणखी दोन उणिवा ठळक आहेत. पहिली, नायकाला पेटवण्यासाठी बायको किंवा मुलगी मारण्याची सवय. अमेरिकी लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा पात्रांची यादीच जाहीर केली. दुसरी तिच्याशीच जोडलेली: अँटीहिरो बाई क्वचितच असते. ॲथलोनच्या परिसरात तिचे पात्र तयार आहे. मेव्ह युद्ध पुकारते ती आघात झाला म्हणून नव्हे. नवऱ्याच्या आणि तिच्या संपत्तीचा ताळा घेताना एक बैल कमी पडतो. तो तिच्याच कळपात जन्मला, पण बाईच्या मालकीचा राहायचे नाही म्हणून नवऱ्याच्या कळपात गेला. त्याच्या तोडीचा बैल मिळवायचा, हेतू एवढा नेमका, अपमान एवढा खरा, आणि त्यासाठी ती फेर्डियाचा आणि स्वतःच्या मुलीचा बळी देते. ॲथलोनच्या वर लॉख री सरोवरातल्या बेटावर तिचा अंत होतो तोही तिच्याच कृत्याने. तिने मारलेल्या बहिणीचा मुलगा गोफणीतून चीजचा कडक तुकडा मारून तिला ठार करतो. ‘तॉइन’ची चित्ररूपे झाली, कोल्मन ओ राहली यांचे आयरिश भाषेतले ‘अन तॉइन’ २००६ मध्ये आले, पण कथेचा कणा कू खुलिनच राहिला.

मेव्हला हव्यास आहे, स्वतःचा हिशेब आहे, आणि तिची चूक तिच्या रक्ताच्या नात्यातून उलटते. दुःखी भूतकाळाची तिला गरज नाही. चांगल्या अँटीहिरोसाठी लागणारे सगळे तिच्यात जमलेले आहे. तिच्या बाजूने, तिला माफ न करता, सलग मालिका लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.