बुडालेल्या मुंबईचा नकाशा

ऑक्टोबर 2019 मध्यें 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकांत स्कॉट कल्प व बेंजामिन स्ट्रॉस या दोन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारें काढलेला मुंबईचा नकाशा वृत्तपत्रांतून घरोघर पोंचला. 2050 सालीं शहराचा पुष्कळसा भाग भरतीच्या रेषेखालीं जाईल, असें त्यांत दाखविलें होतें. कोणी घाबरले, कोणीं ती गोष्ट हंसण्यावारी नेली. नकाशा लक्षपूर्वक वाचला मात्र थोड्यांनीं. ग्रंथाप्रमाणें नकाशालाहि कर्ता असतो, साधनें असतात आणि मर्यादाहि असतात. तेव्हां त्याचें परीक्षण ग्रंथासारखेंच व्हावयास हवें.

या नकाशाचें मूळ साधन फेब्रुवारी 2000 मधील दूरसंवेदनाचें. 'एन्डेव्हर' या अंतराळयानानें अकरा दिवसांत रडारच्या लहरींनीं पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. तीस-तीस मीटरांच्या चौकटी कल्पून प्रत्येकीस एक आंकडा देण्यांत आला. काम अपूर्व खरें. पण लहर जेथें अडते तेथूनच परतते. झाडाचा शेंडा किंवा घराचें छप्पर यांनाच ती बहुधा जमीन समजते. त्यामुळें किनारा आहे त्याहून उंच दिसूं लागला. कल्प व स्ट्रॉस यांनीं या चुकीवर उपाय योजिला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर विमानांतून लेसर किरणांनीं केलेल्या अचूक मोजणीवरून त्यांनीं संगणकास दुरुस्तीचा धडा दिला, आणि तो जगभर लागू केला. परिणामीं आजच भरतीच्या रेषेखालच्या जमिनीवर राहणाऱ्यांचा अंदाज 2 कोटी 80 लक्षांवरून 11 कोटींवर गेला. समुद्र तोच, केवळ जमिनीची उंची सुधारल्यानें एवढा फरक पडतो, हें दाखवून देणें ही या निबंधाची मोठी कामगिरी होय.

परंतु आम्हांस शंका येते ती कांजूरमार्गला. स्टेशनाच्या पश्चिमेस पवईच्या टेंकड्या. पूर्वेस द्रुतगति मार्ग ओलांडला कीं मिठागरें, तिवरांचें रान आणि ठाण्याची खाडी. मिठागराचा प्राण त्याच्या बांधांत असतो. उधाणाचें पाणी आंत किती यावें, हें तो हात-दोन हात उंचीचा बांध ठरवितो. तीस मीटरांच्या चौकटींत तो विरघळून जातो. शेजारच्या तिवरांचे शेंडे जमिनीच्या उंचींत मिसळतात. आणि कचऱ्याचा जो डोंगर पुढें येथें उभा राहिला, त्याचा 2000 सालच्या मोजणींत मागमूसहि नाहीं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर शिकलेला धडा या चिखलास कितपत लागू पडेल? जगाची सरासरी चूक कमी झाली, म्हणून या एका आगरांतील चूकहि कमी झाली, असें म्हणतां येत नाहीं. बांधबंदिस्तीचा हिशेब आपण धरलेला नाहीं, हें कर्त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. तें वाक्य गाळून केवळ रंगविलेला समुद्र पाहिला, हा दोष वाचकांचा.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. 2024 मध्यें केंद्र सरकारनें मुंबईंतील मिठागरांची सुमारें 256 एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासांतील घरांसाठीं राज्यास देण्यास संमति दिली. तींत कांजूरमार्गचीहि मिठागरें आहेत. तेथें राहावयास येणाऱ्या कुटुंबाला जगाची सरासरी घेऊन काय करावयाचें? त्याला आपल्या उंबरठ्याची उंची हवी. ती विमानांतील लेसर मोजणी आणि जमिनीवरची पातळीमोजणी यांच्या मेळानेंच नीट कळेल. आणि ती कचेरीच्या कपाटांत न राहतां घर घेणाऱ्याच्या हातीं आली पाहिजे. अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्राची पातळी नोंदली जात आली आहे. समुद्राचा हिशेब इतका जुना असतां, जमिनीच्या बाबतींत अदमासावर घरें बांधणें शहाणपणाचें नाहीं.

कल्प व स्ट्रॉस यांचा नकाशा इशारा म्हणून आम्ही आदरानें स्वीकारतों. कांजूरमार्गचा निकाल मात्र त्यावरून देऊं नये. ना भीतीचा, ना निर्धास्तपणाचा.