खोडलेला परिच्छेद

चुलीत लाकूड जळते, त्याची राख होते आणि उष्णता घरभर पसरते. ऊर्जा नष्ट झालेली नसते. परंतु त्या विखुरलेल्या उष्णतेवर पुन्हा भात शिजत नाही. या विखुरण्याच्या मापास रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ साली 'एन्ट्रॉपी' हे नाव दिले. ती एकंदरीत वाढतच जाते, असा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. विश्वाची चूल ज्याअर्थी अद्याप निवलेली नाही, त्याअर्थी ती अनादी काळापासून जळत नसावी, हा विचार मग ओघानेच येतो.

या विचाराला स्पर्श करणारी दोन लेखने आपल्या कॅथलिक परंपरेत आहेत. पहिले, बेल्जियमचे धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ फादर जॉर्ज लमेत्र यांचे 'नेचर'मधील मे १९३१ चे टिपण. दुसरे, पोप पायस बारावे यांनी २२ नोव्हेंबर १९५१ रोजी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे केलेले भाषण.

पोपमहोदयांची शैली भव्य आहे. क्लॉसियसच्या नियमावरून ते विश्वाच्या नश्वरतेकडे, तेथून अविनाशी परमेश्वराकडे जातात; विज्ञान जणू उत्पत्तीच्या पुस्तकातील आद्य प्रकाशाचे साक्षीदार ठरते. ही निर्णायक सिद्धता नव्हे, असेही ते नमूद करतात. परंतु भाषणाचा आवेश त्या सावध वाक्याला मागे टाकतो.

लमेत्र यांची भाषा कोरडी आहे. काळात मागे जावे तसे ऊर्जेचे पुंज कमी होतात. अखेर जवळजवळ एकच उरतो, आणि तेथे स्थळ-काळ या शब्दांनाही अर्थ राहत नाही. छापील टिपणात देवाचा उल्लेख नाही. मूळ मसुद्यात तो होता: परमेश्वर स्वभावतः गुप्त आहे, आणि भौतिकशास्त्र निर्मितीवर जो पडदा ठेवते त्याने श्रद्धावंताला आनंदच वाटावा, अशा आशयाचा. तो शेवटचा परिच्छेद त्यांनी स्वतः खोडला.

मला हे खोडणे त्या भाषणापेक्षा अधिक श्रद्धाळू वाटते. विज्ञानाचे सिद्धांत बदलतात. विश्वाला आरंभच नसावा अशा कल्पनाही शास्त्रज्ञ आज मांडतात. 'विज्ञानाने देव सिद्ध केला' असे आपण मुलांना धर्मशिक्षणात शिकवले, तर महाविद्यालयात वेगळे ऐकताच त्यांची श्रद्धाही डळमळेल. पोपमहोदयांनीही १९५२ साली खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना तो दावा पुन्हा केला नाही.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण आपली नश्वरता मान्य करतो. त्यासाठी क्लॉसियसची साक्ष लागत नाही.