चार स्पीकर, एक खुर्ची

क्वाड्राफोनिक ध्वनीची गोष्ट बहुतेक ठिकाणी मृत्युलेखासारखी सांगितली जाते. १९७०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांना वाटलं, लोकांना दोनाऐवजी चार स्पीकर विकावेत. प्रत्येकीने आपली वेगळी पद्धत आणली, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना, गिऱ्हाईक वैतागलं आणि दशक संपायच्या आत सगळ्यांनी गाशा गुंडाळला. 'फॉरमॅटची लढाई' शिकवायला हे उदाहरण फार सोयीचं आहे. पण ही गोष्ट विकणाऱ्यांची झाली. ज्यांनी पैसे मोजून चार स्पीकर घरात आणले, खोलीच्या चार कोपऱ्यांत मांडले आणि मधोमध खुर्ची टाकली, त्यांचं पुढे काय झालं?

त्यांनी लिहायला घेतलं. टाइप केलेली, झेरॉक्स काढलेली, पोस्टाने वर्गणीदारांना धाडलेली काही पानांची पत्रकं. कुठल्या तबकड्या चार चॅनेलांत निघाल्या त्यांच्या याद्या, डिकोडरमध्ये कुठला रेझिस्टर बदलावा याच्या सूचना, अदलाबदलीच्या जाहिराती, एकमेकांशी भांडणारी पत्रं. 'एमसीएस रिव्ह्यू'सारखं पत्रक तर बहुवाहिनी ध्वनीलाच वाहिलेलं होतं. तंत्राच्या इतिहासात या मजकुराची नोंद झालीच तर तळटीप म्हणून होते. मला तो समीक्षा म्हणून वाचायचा आहे, कारण आपण काय ऐकतो आहोत आणि ते तसं का ऐकू येतं, हे इतक्या चिकाटीने लिहून ठेवणारे श्रोते मला दुसरीकडे फारसे भेटलेले नाहीत.

आधी घोडं कुठे अडलं होतं ते बघू. तबकडीच्या खाचेला दोन भिंती असतात, म्हणून तिच्यात दोन चॅनेल सहज मावतात. चार कसे बसवायचे? याची दोन प्रकारची उत्तरं निघाली. पहिलं, चारही आवाज ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक फेज देऊन दोन चॅनेलांत मिसळायचे आणि वाजवताना पुन्हा वेगळे करायचे. याला मॅट्रिक्स म्हणतात. या कल्पनेवर सुरुवातीला काम करून पेटंट घेणारा पीटर शायबर पेशाने बसून नावाचं वाद्य वाजवणारा होता. कोलंबियाची 'एसक्यू' आणि सानसुईची 'क्यूएस' या दोन्ही पद्धती याच घराण्यातल्या. दुसरं उत्तर जेव्हीसीचं 'सीडी-४'. त्यात पुढच्या-मागच्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी खाचेत कोरायची, आणि त्यांच्यातला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवायचा. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, पण सुईला मात्र ४५ किलोहर्ट्झच्या आसपासचं वाचता यायला हवं. त्यासाठी शिबाता आकाराची सुई घडवली गेली. सीडी-४ गेलं, ती सुई मात्र साध्या स्टिरिओच्या जगात आजही विकली जाते.

मॅट्रिक्सची अडचण शाळेतल्या बीजगणिताची आहे. अज्ञातं चार, समीकरणं दोन. नेमकं उत्तर निघणारच नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे नुसतं वाचून राहवलं नाही. एसक्यूचा साधा डिकोडर पायथॉनमध्ये लिहायला तीसेक ओळी पुरतात. त्यात पुढच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज घातला की तो मागच्या दोन्ही स्पीकरांतून फक्त ३ डेसिबल कमी होऊन बाहेर येतो. गायिका समोर मधोमध उभी असली तर तिचा आवाज मागूनही तितक्याच जोराने येतो. जाहिरातीत 'संगीताच्या मधोमध बसा' असं लिहिलं होतं आणि गणित सांगत होतं की पुढचं आणि मागचं एकमेकांत झिरपणार आहे.

हौशी लेखकांचं लिखाण या फटीतून सुरू होतं. समोरची गायिका मागच्या दोन स्पीकरांत उलट फेजमध्ये येते. म्हणजे मागचे दोन चॅनेल थोडे एकमेकांत मिसळले तर ती गळती काही प्रमाणात खोडली जाते. पुढच्या जोडीत १० टक्के आणि मागच्या जोडीत ४० टक्के मिसळ करायची ही युक्ती '१०-४०' या नावाने रुळली. बदल्यात मागचं डावं-उजवं अंतर कमी होतं. ही तडजोड कुणाला पटली, कुणाला नाही. मला महत्त्वाची वाटते ती ही, की या युक्तीबद्दल मत द्यायचं तर नेमकं ऐकणं भाग होतं. 'आवाज उबदार आहे', 'जिवंत आहे' असं म्हणून सुटता येत नव्हतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात काय आहे, ते तिथे स्थिर आहे की गाणं जोरात आलं की सरकतं, हे सांगावं लागायचं. वाक्याला पुरावा लागायचा, आणि तो वाचणाऱ्याच्या खोलीत तपासता यायचा.

मराठी वाचकाला इथे साठच्या दशकातली आपली अनियतकालिकं आठवतील. पदरमोड, मोजके वाचक, सायक्लोस्टाइलचा वास. साम्य आहे, पण फरक त्याहून बोलका आहे. अनियतकालिकांनी प्रस्थापितांकडे पाठ फिरवली. इथे प्रस्थापितांनीच यांच्याकडे पाठ फिरवली होती. बंडखोराचा आवाज चढा असतो, या पत्रकांचा आवाज मागे राहिलेल्या माणसाचा आहे. तो घर आवरतो, वस्तूंची यादी करतो, काय कुठे ठेवलंय ते लिहून ठेवतो.

अमेरिकेतल्या हौशी लेखनाची जमीन आधीच तयार होती. जे. गॉर्डन होल्टने १९६२ साली 'स्टिरिओफाइल' काढलं, तेही जाहिरातदारांच्या मिंधेपणाला कंटाळून. बोस्टन ऑडिओ सोसायटी १९७२ सालापासून 'द बीएएस स्पीकर' नावाचं पत्रक काढू लागली. बोस्टनचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. १९६९ साली तिथल्या दोन एफएम केंद्रांनी मिळून बोस्टन सिम्फनीचं चार चॅनेलांचं प्रक्षेपण केलं. पुढचे दोन चॅनेल एका केंद्रावर, मागचे दोन दुसऱ्यावर. ऐकायचं तर दोन स्टिरिओ रेडिओ लागणार. घरात एकच असेल तर दुसरा कुणाकडून तरी उसना आणायचा. ध्वनीच्या या प्रकाराला शेजारधर्म पहिल्यापासून लागत होता. एरवी चार स्पीकरांच्या मांडणीत नीट ऐकू येईल अशी जागा एकच असते, बरोबर मधली. चौघांना बोलावलं तर तिघांना काहीतरी वाकडं ऐकू येणार. त्यामुळे हा समाज म्हणजे एकेकट्या खुर्च्यांचा समाज होता, आणि एका खुर्चीवरचं ऐकणं दुसरीपर्यंत पोचवायला कागद हेच साधन होतं.

आता या समीक्षेची मर्यादा. या लेखकांना 'कुठून' हा प्रश्न उत्तम विचारता येतो, 'कशासाठी' हा मात्र क्वचित. मागच्या स्पीकरांत काही वाजलं की तबकडी चांगली, फक्त सभागृहाचा घुमार असला की कंपनीने फसवलं, असा हिशेब त्यांच्या शेऱ्यांत वारंवार डोकावतो. चेंडू भिंतीवर आपटावा तसा आवाज चार कोपऱ्यांत फिरवणाऱ्या तबकड्यांना त्यामुळे नको इतकं कौतुक मिळालं. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं क्वाड मिश्रण अ‍ॅलन पार्सन्सने केलं. त्यातल्या 'टाइम'मध्ये वाजणारी घड्याळं त्याने मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठीच ध्वनिमुद्रित केली होती. ती चारी बाजूंनी वाजतात तेव्हा आपण दचकतो. दचकणं ठीक, पण गाणं वेळेबद्दल आहे, आणि त्या दचकण्याचा गाण्याशी संबंध काय, हे या परंपरेतल्या समीक्षकाने सांगायला हवं होतं. माझ्या मते संबंध आहे. चहूबाजूंनी घड्याळं वाजत असताना तोंड फिरवायला दिशा उरत नाही, आणि गाण्याचं म्हणणंही जवळपास तेच आहे.

याहून अवघड उदाहरण पिएर बुलेझचं. १९७२ साली त्याने न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकसोबत बार्टोकचा 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' कोलंबियासाठी ध्वनिमुद्रित केला. त्यात वादकांना त्याच्याभोवती बसवलं होतं. श्रोता कंडक्टरच्या जागी. शुद्धतावाद्यांचं म्हणणं असं, की मैफलीत वाद्यवृंद समोर असतो, म्हणून मागे फक्त सभागृह ऐकू यावं. हौशी मंडळींना नेमकी हीच तबकडी प्रिय. दोन्ही बाजूंनी वाद घातला तो सवयीच्या आधारावर. रचनेकडे कुणी जावं तितकं गेलं नाही. या रचनेच्या दुसऱ्या भागात वाद्यं जोडीजोडीने येतात: बसून, ओबो, क्लॅरिनेट, बासरी, ट्रम्पेट, आणि प्रत्येक जोडी आपलं वेगळं स्वरांतर धरून चालते. इथे प्रत्येक जोडीला खोलीत स्वतःची जागा मिळाली तर रचना समजायला मदतच होते. जिथे सगळा वाद्यवृंद एकवटतो, तिथे मात्र तीच मांडणी त्याचे तुकडे करते. म्हणजे उत्तर तबकडीगणिक नाही, त्या त्या जागेगणिक द्यावं लागतं. ई. पॉवर बिग्जने जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये बाखच्या टोकाटा वाजवल्या. तिथले चार ऑर्गन इमारतीत वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि एकाच जागी बसून ते वाजवता येतात. तिथे हा वादच मिटतो, कारण चार बाजू वास्तूतच होत्या, स्पीकरांनी त्या फक्त खोलीत आणल्या.

मोजमाप आणि हेतू हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणारा माणूस या हौशी जगातूनच आला. मायकेल गर्झन, ऑक्सफर्डचा गणिती. तिथल्या विद्यार्थ्यांची टेप रेकॉर्डिंगची एक सोसायटी होती, तिच्यात तो आणि पीटर क्रेव्हन होते. १९७०-७१मध्ये गर्झन 'हाय-फाय न्यूज', 'स्टुडिओ साउंड' अशा मासिकांत लिहीत होता. डिसेंबर १९७४च्या 'वायरलेस वर्ल्ड'मधल्या लेखात त्याने कानाच्या बाजूने प्रश्न मांडला. आपले कान डावी-उजवीकडे आहेत. समोरच्या दोन स्पीकरांच्या मध्ये आवाजाचा आभास नीट तयार होतो, पण पुढच्या डाव्या आणि मागच्या डाव्याच्या मध्ये तो टिकत नाही. शिवाय साधारण ७०० हर्ट्झच्या खाली कान दिशा एका रीतीने ओळखतो, वर दुसऱ्या. म्हणजे चार कोपरे, चार चॅनेल हे गृहीतकच कच्चं होतं. नोंदवायची असते ती दिशा, स्पीकरांची संख्या नंतर ठरवता येते. यातून अ‍ॅम्बिसॉनिक्स उभं राहिलं. धंद्यात तेही चाललं नाही. पण २०१६ साली यूट्यूबने गोल फिरून बघता येणाऱ्या व्हिडिओंसाठी चहूबाजूंचा आवाज आणला, तेव्हा जी पद्धत वापरली ती हीच. मॅट्रिक्सचंही तसंच. सिनेमागृहातला डॉल्बी स्टिरिओ त्याच गणितावर उभा राहिला. क्वाडच्या पडत्या काळात एसक्यूचे डिकोडर सुधारत बसलेल्या जिम फॉसगेटने पुढे डॉल्बीचं प्रो लॉजिक टू घडवलं.

'बघा, शेवटी ते जिंकले' असं मला म्हणायचं नाही. बहुतेक पत्रकवाले कशाचेच जनक झाले नाहीत. ज्यांच्याकडे चार स्पीकरांपुरती जागा आणि पैसा होता अशा थोड्या लोकांचा हा छंद होता आणि त्यांच्या जगाला तेवढ्याच भिंती होत्या. संग्रह पूर्ण करण्याच्या नादात संगीत मागे पडलेलंही दिसतं. तरी मला त्यांच्याकडे परत जावंसं वाटतं, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. मी एका कंपनीत होतो, तिथे एक प्रॉडक्ट बंद झालं आणि महिन्याभरात त्याची सगळी कागदपत्रं सर्व्हरवरून पुसली गेली. ते वापरणारे लोक होते, त्यांनी शोधलेल्या पळवाटा होत्या, काय चालतं आणि काय चालत नाही याचं शहाणपण होतं. ते कुणाच्याच मालकीचं नव्हतं, म्हणून कुणीच जपलं नाही. कंपनी गेल्यावर ज्ञान उरतं ते फक्त वापरणाऱ्यांनी आपसात लिहून ठेवलेलं.

जून २०२१पासून अ‍ॅपल म्युझिकवर डॉल्बी अ‍ॅटमॉसमधली गाणी मिळू लागली. चार स्पीकरांचं जुनं स्वप्न आता इअरफोनमध्ये आलं आहे आणि ते ऐकायला खोलीही लागत नाही. त्यावरची परीक्षणं मी वाचतो. 'आवाज तुम्हाला वेढून टाकतो', 'अनुभव थरारक आहे.' क्वाडच्या जाहिरातीही असंच बोलायच्या. फरक एवढाच, की तेव्हा त्या जाहिरातीला उत्तर देणारा वाचक डिकोडरचं झाकण उघडू शकत होता. आजचा रेंडरर बंद आहे. गायिका मागून का ऐकू येते, ती मिश्रण करणाऱ्याची निवड आहे की माझ्या फोनने केलेला अंदाज, हे श्रोत्याला तपासता येत नाही, आणि तपासता येत नाही म्हणून परीक्षण लिहिणाराही विशेषणांवर भागवतो. यंत्र उघडता येत नसेल तरी ऐकलेलं नेमकं लिहिता येतं: कुठलं वाद्य, कुठल्या बाजूला, कितव्या मिनिटाला, दुसऱ्या इअरफोनवर काय झालं, आणि त्याने गाण्याचं काय भलं केलं. पहिले चार प्रश्न पत्रकवाल्यांनी आपल्याला शिकवून ठेवलेत. पाचवा आपण जोडायचा आहे.

माझा तीस ओळींचा डिकोडर चालतो, कारण एसक्यूची समीकरणं छापलेली होती आणि ती साध्या डिकोडरमध्ये कुठे कमी पडतात, हे ऐकणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. आजची एखादी अ‍ॅटमॉस फाइल पन्नास वर्षांनी कुणाला उघडून ऐकावीशी वाटली, तर त्याच्या हाती आपण काय ठेवणार आहोत?